कॉर्ककरांचे लाल निशाण

कुंपणाच्या फळीवर खुरप्याच्या मुठीने दोनदा टकटक करायची, मग हनुवटी फळीच्या कडेवर टेकवायची आणि म्हणायचे, "ग्रँड दिवस आहे, मिसेस." ही आमच्या शेजाऱ्याची रीत. पाऊस पडत असला तरी दिवस ग्रँडच. ती टकटक ऐकू आली की आमची ही शेगडी बारीक करून मागच्या दारी जाई. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या हाकेसाठी तिने शेगडी बारीक केल्याचे मला आठवत नाही.

हे आरंभीच सांगतो, कारण त्याच्याविषयी हल्ली जे बोलले जाते त्यात हे कुणी सांगत नाही. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो 'तो वंशद्वेष्टा म्हातारा' आहे. वसाहतीतल्या जुन्या आयरिश रहिवाशांच्या लेखी तो नवख्या लोकांनी हाकलून दिलेला गरीब बिचारा आहे. दोन्ही पक्षांतला एकही मनुष्य त्याच्या कुंपणाला लागून राहत नव्हता. मी राहत होतो. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे मोजणीदार म्हणून काढल्यावर एवढे कळते, की हद्दीविषयी साक्ष लगतच्या कब्जेदाराची घ्यावी लागते. रस्त्याने जाणाऱ्याची नव्हे.

आमचे चिरंजीव आयर्लंडमध्ये लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात अभियंता आहेत आणि घर डब्लिनच्या कडेला ओंगारला आहे. सूनबाईंच्या बाळंतपणासाठी ही पुढे आली. मी सांगलीत अडकलो, कारण मी केलेल्या एका मोजणीवर न्यायालयात वाद चालू होता आणि माझी साक्ष व्हायची होती. साक्ष झाली, माझी मोजणी बरोबर ठरली, परंतु त्यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ही जी बाई होऊन बसली, त्या बाईशी माझी ओळख नव्हती.

विमानतळावरून घरी येताना मोटारीत तिने मला सांगलीची एक गोष्ट विचारली आणि शेजाऱ्याच्या नऊ सांगितल्या. तो कॉर्क परगण्याचा. चाळीस वर्षे डब्लिनमध्ये बस चालवून निवृत्त झालेला. बायको वारलेली, मुलगी किलकेनीला दिलेली. हिने त्याचे नाव ठेवले होते 'कॉर्ककर'. "कॉर्ककर म्हणाले, बटाटा मार्चमध्येच लावायचा." "कॉर्ककरांना मेथी फार आवडली हो." एखादा मनुष्य चिंचवडचा असावा तितक्या सहजपणे ती ते नाव घेई.

तिचे इंग्रजीही त्याचेच होते. कपाटाला ती 'प्रेस' म्हणू लागली होती आणि वाक्याच्या शेवटी सूर असा वर नेई की चिरंजीव हसून म्हणत, "आई, तू कॉर्कची वाटतेस." मी सांगलीत तिला इंग्रजी शिकवण्याचा प्रयत्न दोनदा केला होता. दोन्ही वेळा तिने, मला नाही जमायचं, म्हणून पुस्तक मिटले होते.

मला तो 'बॉय' म्हणे. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो. त्याच्या परगण्यात आजोबांनाही बॉय म्हणतात, असे चिरंजीवांनी मला समजावले. ते मला समजले, पटले नाही.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी टेप काढली. घराच्या नकाशाशी ताडून पाहता मधले कुंपण आमच्या बाजूला नऊ इंच सरकलेले निघाले. तीनदा मोजले. मग रीतसर त्याला बोलावून दाखवले. ही दारात उभी राहून कपाळाला हात लावत होती.

त्याने टेप पाहिली, नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

"इतकी वर्षं हे कुणाला दिसलं नाही. ग्रँड डोळा आहे तुझा, बॉय."

"मुद्दा डोळ्याचा नाही. हद्दीचा आहे."

"मग ते नऊ इंच मिसेसच्या मेथीला," तो म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने फळ्या उखडून कुंपण नऊ इंच मागे नेले. मी आयुष्यात शेकडो हद्दी लावल्या. भाऊ भावाच्या अंगावर कोयता घेऊन धावलेला पाहिला. एवढ्या हसतमुखाने जमीन सोडणारा मनुष्य मी पाहिला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा राग आला. भांडण जिंकावे ते समोरच्याने भांडल्यावर. ही मात्र त्या दिवशी त्याला चहा देऊन आली. मोजणी करून थकलेल्या माणसाला चहा साडेसहाला मिळाला.

आता निशाणाकडे येतो.

हर्लिंग हा इकडचा लाकडी काठीने खेळायचा दांडगा खेळ. उन्हाळ्यात परगण्यापरगण्यांचे सामने होतात आणि जो तो आपल्या परगण्याचे रंग दाराखिडकीला लावतो. कॉर्कचा रंग लाल-पांढरा, आणि कॉर्क स्वतःला मोठ्या अभिमानाने बंडखोर परगणा म्हणवतो. मैदानातला त्याचा हाडवैरी म्हणजे किलकेनी. त्याच्या तरुणपणी कॉर्कचे प्रेक्षक लाल दिसेल ते निशाण घेऊन सामन्याला जात. कुणी जपानचे, कुणी आणखी कुठले. त्याने मैदानाबाहेरच्या फेरीवाल्याकडून जे घेतले ते लाल पार्श्वभूमीवर निळा तिरका क्रूस आणि त्यात पांढऱ्या चांदण्या असे होते. अमेरिकेच्या ज्या दक्षिणी राज्यांनी गुलामगिरी राखण्यासाठी युद्ध केले, त्यांचे ते निशाण. त्याच्या बायकोने त्याला काठीसाठी नेफा शिवला होता. दरवर्षी मे महिन्यात ते त्याच्या वरच्या खिडकीत लागे आणि कॉर्क हरले की उतरे.

मी येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वाऱ्याने त्याची कड फाटली, तेव्हा ती हिने शिवून दिली. निशाण म्हटले की आपल्याकडे पाय लागू देत नाहीत. हिने ते धुतले, इस्त्री केले, शिवले आणि परत देईपर्यंत देवाच्या फळीवर ठेवले. वर कुंकवाचे बोटही लावले. लाल कापडावर ते कुणाला दिसणार? तिने मला हे कौतुकाने सांगितले तेव्हा ते कसले निशाण आहे हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "त्यांच्या बायकोचा हात आहे त्यावर. फार बारीक टाका घालायची हो ती."

मी त्यालाही गाठले. शिवजयंतीला मी वरच्या खिडकीत भगवा लावला होता. तो फुटपाथवर उभा राहून वर पाहत होता.

"हे कुणाविरुद्ध, बॉय?"

"कुणाविरुद्ध नाही. आमच्या राजाचं आहे."

"बंडखोर होता?"

"बलाढ्य सत्तेशी लढून स्वतःचं राज्य उभं केलं त्याने."

"मग आपण एकाच बाजूचे!" आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

ती थाप मला सहन झाली नाही. मी तिथेच त्याला त्याच्या निशाणाचा इतिहास ऐकवला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "माहीत आहे. मुलगी दरवर्षी सांगते. पण माझ्या घरात ते कॉर्कचं आहे," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "तुझं निशाण निघालं की तुझ्या गावात कुणी दार लावून घेतं का?"

मी ताडकन 'नाही' म्हटले. आमच्या सांगलीच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुसलमान शिंपी होता. मिरवणुकीच्या दिवशी तो दुपारीच दुकान बंद करी. गर्दीमुळे करीत असेल, असे मी समजत आलो होतो. विचारले मात्र कधी नव्हते. त्या आयरिश फुटपाथवर तो शिंपी मला का आठवावा, याचाही मला रागच आला.

त्या वर्षी इकडची हवा बिघडली. ठिकठिकाणी विजेच्या खांबांवर आयर्लंडची तिरंगी निशाणे चढली. सणासाठी नव्हे, कुणाला तरी बजावण्यासाठी. आमच्या ओळखीच्या एका तरुण अभियंत्याला बसथांब्यावर चार पोरांनी 'परत जा' म्हणत ढकलून पाडले. त्याचा चष्मा फुटला, ओठ फाटला. मी घरात हुकूम काढला की काही दिवस कुणीही पायी बाहेर पडायचे नाही.

"आणि नातीला बागेत कोण नेणार? भाजी कोण आणणार?" ही म्हणाली.

"चिरंजीव रविवारी मोटारीने आणतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता टकटक झाली. ही चप्पल घालून बाहेर पडली. तो फाटकाशी टोपी घालून उभा होता. त्याने तिची पिशवी घेतली आणि दोघे बाबागाडी ढकलत दुकानाकडे निघाले. पूर्ण तीन आठवडे हे चालले. दुकानासमोरच्या बसथांब्यावर ती पोरे असली की तो मुद्दाम थांबे, त्यांना 'अमकीचा नातू' अशी त्यांच्या आज्यांच्या नावाने हाक मारी आणि म्हणे, "ही माझी मिसेस शेजारीण. दुकानाचं दार उघडून धरा रे तिला." पोरे दार धरीत.

हे मला कसे माहीत? मी दहा पावले मागे असे. रोज. पिशवी त्याच्या हातात आणि छत्री माझ्या. हिने एकदा मागे वळून म्हटलेही, "अहो, मागे का? या की बरोबर." मी म्हटले, मला पाय मोकळे करायचे आहेत.

मे महिना आला आणि निशाण लागले. गेली कित्येक वर्षे ज्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिले नव्हते, त्याचे आता मोबाइलवर फोटो निघू लागले. वसाहतीच्या समितीने शाळेच्या सभागृहात सभा बोलावली. सभेविषयी जे सांगितले जाते ते निम्मे चूक आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

प्रथम समोरच्या घरातली परिचारिका बोलली. मूळची नायजेरियाची, अतिशय सौम्य बाई. ती ओरडली, रडली, असे जे सांगतात ते धादांत खोटे आहे. ती बसूनच म्हणाली, "तुमच्या घरात ते कॉर्कचं असेल. पण मी ते माझ्या घरातून पाहते. रोज सकाळी पडदा उघडला की पहिलं तेच."

तो उभा राहिला. टोपी हातात घेतली. "मी रोज खिडकीतून हात करायचो. तुम्ही कधी केला नाहीत. म्हणून होय?" आणि मग अगदी मनापासून म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही किलकेनीच्या बाजूच्या आहात."

सभागृह हसले. ती बाईसुद्धा हसली. खरे म्हणजे तिथेच सारे मिटले असते. परंतु अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. लगतचा शेजारी, वयाने वडील आणि परदेशातून आलेला, म्हणून माझे मत त्यांना हवे होते.

मी टिपण लिहून नेले होते. उभा राहून मी त्या निशाणाचा इतिहास सांगितला. युद्ध, गुलामगिरी, पुढे ते निशाण कोणाकोणाच्या हाती गेले, सगळे. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता आणि आजही मी तो मागे घेत नाही. लावणाऱ्याच्या मनात काय आहे यावर निशाणाचा अर्थ ठरत नसतो. हद्द मालकाच्या समजुतीवर ठरत नाही, तसेच ते. लोक टाळ्या वाजवू लागले.

मग अध्यक्षबाईंनी विचारले, "आणि हे गृहस्थ? त्यांच्या वागण्यात तुम्हाला कधी द्वेष दिसला का?"

ही माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी ओळखतो. माझी साक्ष ऐकायला ती सांगलीच्या न्यायालयातही एकदा येऊन बसली होती, तेव्हा तसेच होते. आता हे सगळं नीट सांगतील, असा तो चेहरा होता.

बसथांबा, पिशवी, तीन आठवडे. दोन मिनिटांत सांगून झाले असते. पण ते सांगायचे म्हणजे भरसभेत हेही सांगायचे, की माझ्या बायकोला सांभाळून नेणारा पुरुष तो होता आणि मी छत्री घेऊन दहा पावले मागे होतो.

मी म्हणालो, "मी इथे आठ महिने उशिरा आलो. मला पूर्ण माहिती नाही."

हे वाक्यही खरेच होते. चौतीस वर्षांत मी एकही खोटा पंचनामा केला नाही. त्या दिवशीही केला नाही. फक्त एक बाजू मोजली नाही. जो जमिनीवर गेला आहे त्याला ठाऊक असते, की एक बाजू सोडली तर शेताचे क्षेत्रफळ काहीही काढता येते.

सभागृहात पुन्हा कुजबुज सुरू झाली आणि या वेळी तिचा सूर वेगळा होता. ही तिच्या इंग्रजीत काही बोलण्यासाठी अर्धी उठली. परंतु एव्हाना तो उभा राहिला होता. त्याने तिला हातानेच बसायला सांगितले.

"ग्रँड," तो म्हणाला, टोपी घातली आणि गेला.

समितीने निशाण काढायला लावले, असे दोन्ही पक्ष सांगतात. चूक. ठराव मताला पडला तेव्हा निशाण उतरलेले होते. सभा संपवून आम्ही घरी आलो, तर तो समोरच्या फाटकाशी उभा राहून त्या परिचारिकेशी बोलत होता. त्याची वरची खिडकी मोकळी होती.

घरात आल्यावर हिने मला एवढेच विचारले, "तेवढं सांगितलं असतंत तर?"

"विषय निशाणाचा होता."

"हो," ती म्हणाली. "विषय निशाणाचाच होता." आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी तो निशाण घडी घालून घेऊन आला. त्याला ते टाकायचे होते, पण नेफा टाकवत नव्हता. हिने चष्मा लावला आणि एकेक टाका उसवून नेफ्याची पट्टी सोडवली. ती बसली होती तिथून उठली, आपली सुटकेस काढली आणि तळातून ओटीत मिळालेले ब्लाऊजपीस बाहेर काढले. कुठल्याही मराठी घरात असतात तसे. ना कधी शिवले जाणारे, ना टाकले जाणारे. त्यांतले तीन लाल आणि दोन पांढरे निवडून तिने नवे निशाण शिवले आणि त्याला तो जुना नेफा जोडला. तो समोर बसून सुईत दोरा ओवून देत होता. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तीन तास एकच पान.

नवे निशाण लागले, पण फोटो फिरायचे थांबले नाहीत. ते जुन्याचेच होते. कुणीतरी त्याच्या फाटकावर रंगाने एक घाणेरडा शब्द लिहिला. तो त्याने पुसला. मी मदतीला गेलो नाही. चिरंजीव गेले आणि ती समोरची परिचारिकाही गेली. दुकानात लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. आमच्या मंडळींतले काही जण तर मला 'काका, बरं सुनावलंत' म्हणून हात मिळवीत, आणि मी तो मिळवू देत असे. शरद ऋतूत त्याच्या खुब्याचे हाड मोडले आणि मुलगी त्याला किलकेनीला घेऊन गेली. त्याला हाकलले, असे जे म्हणतात त्यांना मी हाडाचे सांगतो. हाड मोडले हे खरे आहे. ते मोडले नसते तर तो राहिला असता का, हे मात्र माझ्या टेपने मोजता येत नाही.

जाताना त्याने माझा हात हातात घेतला. "तू सांगितलंस ते बरोबर होतं. नऊ इंच सांभाळ, बॉय." पुढे काही ऐकवील म्हणून मी वाट पाहिली. तो काठी टेकत मोटारीत जाऊन बसला.

फेब्रुवारीत त्याच्या मुलीचा फोन आला. तो हिला आला, मला नव्हे.

इकडे पार्थिव एक दिवस घरातच ठेवतात आणि लोक रांगेने येऊन घरच्यांचे हात हातात घेतात. आम्ही आगगाडीने किलकेनीला गेलो. दाराबाहेर रांग होती. सगळी किलकेनीची माणसे, ज्यांच्या संघाला त्याने जन्मभर शिव्या दिल्या. शवपेटीवर हिने शिवलेले निशाण पसरले होते. मुलीने हिला पाहताच रांगेतून बाहेर काढले, 'मिसेस' म्हणून मिठी मारली आणि आत नेऊन पेटीजवळच्या खुर्चीवर, आपल्या आत्यांच्या मधोमध बसवले. मी रांगेतच राहिलो. माझी पाळी आली तेव्हा मुलीने माझा हात धरून आपुलकीने विचारले, "तुम्ही बाबांना ओळखत होता?"

मी म्हटले, "हो. चांगला ओळखत होतो." जे उत्तर द्यायला मला सभागृहात जागा होती, ते त्या खोलीत एकट्या मुलीला ऐकू गेले. तिने मान हलवली आणि माझ्या मागच्या माणसाचा हात हातात घेतला.

कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. कुठल्याही समारंभात, लग्नात असो वा मयताला, बायकांत जाऊन बसली की ही एकदा मान वळवून मी कुठे बसलो आहे ते पाहून घेते. सेहेचाळीस वर्षांत हे चुकले नाही. पेटीजवळ त्या आत्या तिला काही विचारीत होत्या आणि ती त्यांना तिच्या त्या कॉर्कच्या इंग्रजीत, हातवारे करून, सावकाश काहीतरी सांगत होती. मधेच त्या हसल्या, मग एकीने डोळे पुसले. ती काय सांगत होती ते मला माझ्या जागेवरून ऐकू येत नव्हते. मी चहा न पिता कप धरून राहिलो आणि तिने मान वळवण्याची वाट पाहत राहिलो.